बिशपांच्या हद्दीबाहेरचा माणूस

बिशप लखनऊ सोडून चाललेत, हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निशातगंजच्या माझ्या दुकानात एक शिक्षिका पलंग बघायला आल्या होत्या. चर्चच्या शाळेत शिकवणाऱ्या. भाव जवळजवळ ठरला होता, मी उगाच थोडं ताणून धरलं होतं. त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "भैया, अब कर भी दीजिए. मुझे बिशप साहब की विदाई की मीटिंग में जाना है."

मी म्हटलं, "विदाई कैसी? रिटायर हो रहे हैं, कहीं जा थोड़े ही रहे हैं."

"जा रहे हैं. अपने गाँव, महाराष्ट्र. आपको नहीं पता? आप तो उनके उधर के ही हैं ना?"

मी पलंग त्यांनी सांगितलेल्या भावात देऊन टाकला. असं माझ्या दुकानात होत नाही. पॉलिश करणारा कारागीर हातातला बोळा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. बाई मात्र खूश होऊन गेल्या. मी दुकानात येरझाऱ्या घालू लागलो. दोन कपाटांमधून पुढे, टेबलाला वळसा घालून मागे. मला बसवत नाही तेव्हा मी असाच फिरतो.

बिशप आणि मी कोण, हे सांगायला हवं. मी भुसावळचा. वडील रेल्वेत फिटर, त्यांची बदली लखनऊच्या वर्कशॉपला झाली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे शिक्षण माझ्याकडून झालं नाही. छावणीत अधिकाऱ्यांच्या बदल्या होत असतात. बदलीचा हुकूम आला की मेमसाहेबांना घरातला सोफा अचानक जड वाटायला लागतो. त्या जडपणावर मी माझा धंदा उभा केला. आधी हातगाडी, मग भाड्याचा गाळा, मग स्वतःचं दुकान आणि मागे सुतारखाना. कुणी एक खिळा उसना दिला नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळे शास्त्रज्ञ, प्रोफेसर आणि रेल्वेतले मोठे इंजिनिअर. गणपतीत त्यांना मांडवासाठी खुर्च्या लागल्या की माझी आठवण येते. आरतीच्या वेळी मी कुठे उभा असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. घरात मुलगा मराठी समजतो, पण उत्तर हिंदीत देतो. बायकोशी मराठीत बोलतो, पण त्यातलं निम्मं बोलणं भाजी आणि गॅस सिलिंडरचं.

उरले बिशप. ते नगर जिल्ह्यातले. मला त्यांच्याशी चर्चबिर्चचं काही घेणं नव्हतं. आम्ही गणपती बसवणारी माणसं. पण या शहरात मी ज्यांच्याशी मन मोकळं करून बोलू शकत होतो, ते एवढेच एक होते. आणि ते न सांगता चालले होते.

पहिली भेट छावणीतल्या चर्चमागच्या बंगलीत झाली. बंगलीची दुरुस्ती चालली होती आणि जुनी दारं-खिडक्या विकायच्या होत्या. विकायचं काम सगळ्यात नव्या माणसाला दिलं होतं. बुटका, काळासावळा, पांढऱ्या झग्यातला तरुण. तो दारं मोजत होता, तोंडातल्या तोंडात, "एक, दोन, तीन." माणूस हिंदी कितीही सफाईने बोलो, मोजतो आपल्याच भाषेत. मी सरळ मराठीत विचारलं, "सगळ्यांचा मिळून काय भाव धरता?"

त्याने वर बघितलं. हसला नाही. म्हणाला, "मराठी काढलीस म्हणून कमी करणार नाही."

घासाघीस बराच वेळ चालली. दारं सागवानी होती. हे मला माहीत होतं आणि मला वाटलं होतं की त्याला माहीत नसेल. शेवटी त्याने मला भाव कमी करून दिला, पण बदल्यात बंगलीची नवी दारं फुकट बसवून घेतली. परतताना माझ्या लक्षात आलं की मी हरलो. मी म्हटलं, "पाद्रीसाहेब, हे कुठं शिकलात? तुमच्या कॉलेजात?"

"माझी आई आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या विकायची. तू मला काय शिकवतोस, लेका?"

तेव्हा ते पूर्ण पाद्री झाले नव्हते. त्याच्या आधीची जी पायरी असते, तिला डीकन म्हणतात. झग्यावर कापडाची एक लांब पट्टी, ती एका खांद्यावरून तिरकी घेतलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पाद्री झालो की हीच पट्टी मानेवरून दोन्ही बाजूंनी सरळ खाली सोडायची. मी म्हटलं, म्हणजे आत्ता तुम्ही शिकाऊ. ते म्हणाले, "शिकाऊच. डीकन म्हणजे वाढपी, सेवक. आणि आम्हाला असं शिकवतात की पुढे काहीही झालास तरी आतून हे सुटत नाही." मला ते बोलणं तेव्हा पुस्तकी वाटलं होतं.

वर्षभरात पट्टी सरळ झाली. मग पूर्वेकडच्या लहान लहान गावांत नेमणुका. कुठे दहा-बारा ख्रिस्ती घरं, कुठे एक मोडकी शाळा, कुठे दवाखाना. बायको नर्स, तीही नगरकडचीच. एका स्कूटरवर दोघं फिरायची. लखनऊला मीटिंग असली की ते माझ्या दुकानात येत, न विकलेल्या एखाद्या खुर्चीवर बसत आणि चहा मागवत. मी धंद्याच्या शिव्या देत असे, ते त्यांच्या मंडळींच्या तक्रारी सांगत. मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. कुणाला पुढच्या बाकावर बसायचं असतं, कुणाला नाताळच्या नाटकात मुलीला देवदूतच करायचं असतं. माझ्या बोलण्यातल्या खानदेशी 'भो'ची ते नक्कल करत. चिडलो की मी त्यांना अरे-तुरे करायचो. ते मला कायमच करायचे, वयाने थोडे मोठे म्हणून.

पुढे बढती होत गेली. शाळेचं वसतिगृह सांभाळलं, मग मोठ्या चर्चचे मुख्य पाद्री, मग बिशपच्या निवडीच्या यादीत नाव. बिशप वरून कुणी धाडत नाही, पाद्री आणि मंडळींचे प्रतिनिधी मतं देतात. मी नगरसेवकाच्या निवडणुका बघितल्या होत्या, त्यामुळे त्यांना सल्ले देत होतो. कुणाला भेटा, कुणाच्या घरी चहाला जा. ते ऐकून घ्यायचे आणि एकही सल्ला वापरायचे नाहीत. तरी निवडून आले. मी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं, मला नातू झाला.

आता खुर्चीचं सांगतो.

मोठ्या चर्चमध्ये बिशपची एक खुर्ची असते, वेदीच्या एका बाजूला. त्या खुर्चीवर बिशपच बसतात, दुसरं कुणी बसत नाही. त्या खुर्चीला वाळवी लागली होती. नव्या बिशपांना तिच्यावर बसवण्याचा समारंभ तोंडावर आला, तेव्हा चर्चच्या समितीने मला नवी खुर्ची करायला सांगितली. मी स्वतः शिसवी लाकूड निवडलं. कोरीव काम कमी ठेवलं, त्यांना भपका आवडत नाही म्हणून. पण एक गोष्ट मी कुणाला न सांगता केली. ते बुटके. माझ्या दुकानात कुठल्याही खुर्चीवर बसले की त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून ते कायम कडेला टेकून बसायचे. मी बैठक त्यांच्या गुडघ्याच्या मापाने घेतली, हात त्यांच्या कोपराच्या उंचीला. खुर्ची करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, बसणार कोण?

समितीची माणसं आणि ते बघायला आले. ते बसले. पाठ टेकली. पाय जमिनीला लागले. माझे दोन कारागीर बाजूला उभे होते आणि मी वाट बघत होतो.

ते उठले आणि म्हणाले, "ही चर्चमध्ये ठेवायची नाही."

मी विचारलं, "का? लाकडात काही दोष आहे?"

"दोष नाही. ही माझ्या मापाची आहे."

"मग काय तुमच्या शेजाऱ्याच्या मापाची करायची?"

समितीतला एक जण हसला. ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे, ती खुर्ची माझी नव्हे. बिशपची. माझ्या आधी किती तरी जण तिच्यावर बसले, माझ्यानंतर बसतील. उद्या सहा फुटी माणूस आला तर गुडघे हनुवटीला लावून बसेल आणि सगळ्यांना दिसेल की ही आधीच्याने स्वतःसाठी करून घेतली होती."

"उद्याच्याचं उद्या बघू. आज तुम्ही आहात."

"हीच तर चूक आहे."

चारचौघांत 'चूक' म्हणाले. माझ्या कारागिरांसमोर. त्यांनी जुनीच खुर्ची दुरुस्त करून घेतली, तीही दुसऱ्या सुताराकडून, कारण मी हात लावायला नकार दिला. सगळी वर्षं ते तिच्यावर बसले, पाय लोंबकळत. मग कुणीतरी पायाखाली गुडघे टेकायची एक उशी ठेवायला लागलं. मी केलेली खुर्ची गोमती नगरच्या एका डॉक्टरांनी घेतली. बिशपांनी पुढे एकदा विचारलं, "तिचं काय झालं?"

"विकली. चांगला भाव आला."

"मग तोंड कशाला पाडून बसलायस?"

भाव येणं आणि मान राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेथी विकणाऱ्या बाईच्या मुलाला कळायला हवं होतं.

समारंभाला मी गेलो, पण आत बसलो नाही. म्हणून मला ते बाहेरून दिसलं. चर्चचं मोठं दार बंद असतं. नवा बिशप बाहेर उभा राहतो आणि हातातल्या काठीने तीनदा दार ठोठावतो. मेंढपाळाच्या आकडीसारखी वरून वळलेली काठी. मग आतून दार उघडतं. माझ्या शेजारी बँडवाले उभे होते, त्यातला एक म्हणाला, "अपने ही घर में खटखटा रहे हैं." मला ते पटलं नाही. मी म्हटलं, घर त्यांचं नाहीच, ते स्वतःच तसं सांगतात.

ते बिशप असताना मला आणखी एक गोष्ट सोसावी लागली. शाळांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. शाळांना डेस्क लागतात, बाकं लागतात, कपाटं लागतात. मी दर वेळी दरपत्रक भरायचो, माझा माल चांगला असायचा, आणि माझं नाव आलं की ते स्वतः काढून टाकायचे. मित्र आहे म्हणून. मी एकदा भडकलो, "तुमचा मित्र नसतो तर मिळालं असतं ना?" म्हणाले, "बहुतेक." एवढंच. आणि पुन्हा चहा मागवला.

त्यांचं काम मला कधी हेवा करण्यासारखं वाटलं नाही. अर्धा वेळ फायली आणि कोर्टाच्या तारखा. रविवारी कुठल्या तरी दूरच्या गावी जाऊन मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचे, त्याला ते दृढीकरण म्हणतात, मूल चर्चचं पूर्ण सभासद होण्याचा विधी. एका पाद्र्याची बदली केली की चार घरं रुसत. मधल्या काळात त्यांची बायको गेली. तिला इथल्याच कब्रस्तानात ठेवलं. त्या दिवसानंतर महिनाभर ते दुकानात आले नाहीत आणि आले तेव्हा म्हणाले, "आता घरात मराठी बोलायला कुणी नाही रे." मी म्हटलं, मी आहे की. ते शब्द मी फार विचार करून बोललो नव्हतो. पण त्यानंतर ते जास्त येऊ लागले.

त्यामुळेच मी धरून चाललो होतो की हा माणूस आता इथेच राहणार. पासष्टी आली की बंगला सोडावा लागतो, हे माहीत होतं. मी गोमती नगरमध्ये एक फ्लॅट बघून ठेवला होता. तळमजला नाही, पण लिफ्ट चांगली, समोर बाग. बिल्डरला असा खाली आणला होता की तो मला फोनवर 'चाचा' म्हणायचा बंद झाला. फक्त सांगायचं बाकी होतं. आणि मग त्या बाई पलंग घ्यायला आल्या.

दुसऱ्या दिवशी मी छावणीच्या रस्त्याने त्यांच्या बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात पुस्तकं वेगळी करत होते, वाटायची एकीकडे, न्यायची दुसरीकडे. न्यायची फार थोडी होती.

मी म्हटलं, "मला बाहेरून कळलं."

"सांगणारच होतो. तुला सांगायचं म्हणजे दिवस मोडतो."

"गोमती नगरमध्ये फ्लॅट आहे. चावी उद्या घेतो. बघायला चला."

"मी गावी चाललोय."

"गावी कोण आहे तुमचं? भाऊ तुमच्याशी बोलत नाही, जमीन त्याच्या नावावर. तिथे काय करणार, मेथी विकणार?"

ते हसले. मग त्यांनी समजावलं. रिटायर झालेला बिशप आपल्या जुन्या हद्दीत राहत नाही. कायदा नाही, पण शहाणे पाळतात. डायोसीज म्हणतात त्या हद्दीला, कितीतरी जिल्हे येतात त्यात. "नवा माणूस येईल. तो काही तरी बदलेल. ज्याला बदल आवडला नाही तो माझ्याकडे चहाला येईल. मी काही न बोलता नुसती मान हलवली तरी संध्याकाळपर्यंत गावभर होईल, की जुन्या बिशपांना पटलेलं नाही. मग त्याने काम कसं करायचं?"

"दार उघडू नका."

"तू बघितलायस मला दार न उघडताना?"

मी सौदा सुरू केला. मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, एक वर्ष जा, मग परत या. नाही. दोन वर्षं. नाही. बरं, लखनऊ नको, कानपूरला राहा, मी तिथे येत जाईन. तेही नको, म्हणाले, तेही फार जवळ. मी म्हटलं, समोरचा थोडा तरी वर सरकतो, तुम्ही जागचे हलतच नाही. ते म्हणाले, "कारण मी विकायलाच बसलेलो नाही."

मग मी शेवटचं पान टाकलं. "वहिनींचं काय? त्यांना इथे सोडून जाणार? दर रविवारी संध्याकाळी तुम्ही जाता तिथे. उद्यापासून कोण जाणार?"

त्यांच्या हातात एक पुस्तक होतं. ते त्यांनी कुठल्याच गठ्ठ्यावर ठेवलं नाही. मग म्हणाले, "ते मी तिच्याशी बोललोय. तू त्यात पडू नको."

मला वाटलं होतं, हे पान चालेल. मी उठलो. जाताना म्हटलं, "विदाईला मी येणार नाही." ते म्हणाले, "ठीक आहे." 'ये' म्हणाले नाहीत.

घरी आलो ते तणतणत. बायकोने सगळं ऐकून घेतलं, पोळी तव्यावरून काढली आणि म्हणाली, "तुम्हाला ते राहायला नकोत. तुम्हाला सौदा जिंकायचाय."

"दोन्ही एकच आहे."

"मग हरलात तरी जेवून घ्या."

विदाईच्या दिवशी मी गेलोच. कुणी दुकानात येऊन विचारलं असतं की तुम्ही का आला नाहीत, तर मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि फुकट खोटं बोलायची मला सवय नाही. मागच्या खांबाजवळ उभा राहिलो. प्रार्थना, गाणी, भाषणं. मग शेवटी ते एकटे वेदीकडे गेले आणि हातातली ती काठी वेदीवर आडवी ठेवली. खाली वाकून, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवतात तशी. मग वळून चालत बाहेर आले. इतकी वर्षं त्या हातात काठी असायची. आता तो हात कुठे ठेवावा त्यांना कळत नव्हतं. आधी मागे घेतला, मग झग्याची बाजू धरली. माझ्याजवळून जाताना थांबले.

"आलास."

"दुसऱ्याकडून घेतलेली तुमची बाकं बघायला आलो होतो. पुढच्या महिन्यात मोडतील."

"मोडू देत. आता मला सांगू नको." आणि पुढे गेले.

स्टेशनवर मी गेलो नाही. बायकोला पाठवलं, शेवेची भाजी आणि भाकरी बांधून. तिने सांगितलं की दोन ट्रंका होत्या, एवढंच सामान, आणि प्लॅटफॉर्मवर इतकी माणसं की त्यांना डब्यात चढता येईना. सगळ्यांना त्यांनी हात जोडून एकच सांगितलं, मला फोन करू नका, तुमच्यासाठी नवे बिशप आहेत.

म्हणजे मलाही नाही, असं मी धरलं. आणि त्यांचा नियम मोडणारा पहिला माणूस मी व्हायचं नव्हतं. मोडला असता तर ते पुन्हा चारचौघांत 'चूक' म्हणाले असते. त्या महिन्यांत माझं धंद्यात लक्ष लागलं नाही. मी लहानसहान गोष्टींवरून भांडलो. मुलाने दुकानाचे फोटो मोबाइलवर टाकून विक्री सुरू केली, त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, "पापा, आप बैठते क्यों नहीं हो? सुबह से चक्कर काट रहे हो." मंडळाच्या प्रोफेसरांनी पाडव्याला खुर्च्या मागितल्या, त्यांना दुप्पट भाडं सांगितलं. फोन हातात घ्यायचो, त्यांचं नाव काढायचो, परत ठेवायचो.

एका दुपारी त्यांचाच फोन आला.

"काय रे, मेलास की काय?"

मी म्हटलं, "तुमचा नियम आहे ना. फोन करायचा नाही."

"तो माझ्या मंडळींसाठी. तू माझ्या मंडळीत कधी होतास?"

ऐकायला अपमानासारखं होतं. मग हळूहळू त्याचा दुसरा अर्थ डोक्यात शिरला. लखनऊमधल्या ज्या माणसांवर त्यांनी हात ठेवला, ज्यांची लग्नं लावली, ज्यांच्यासाठी रात्री-अपरात्री धावले, त्यांतल्या कुणालाही त्यांच्याशी बोलायची मोकळीक नव्हती. मला होती. मी गणपतीवाला म्हणून.

"हे आधी सांगितलं असतं तर मी एवढा भांडलो नसतो," मी म्हटलं.

"सांगायला फट कुठे दिलीस? तू फ्लॅट विकत होतास."

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा. ते भावाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. भाऊ आता बोलतो, पण फक्त पाण्याच्या पाळीबद्दल. गावात मुलं त्यांना 'बाबा' म्हणतात, बिशप म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नाही. रविवारी गावातल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात आणि तरुण पाळकाचं प्रवचन लांबलं की डुलकी घेतात. मला ते ऐकून बरं वाटतं आणि त्याच वेळी चीडही येते, की हे सगळं इथे गोमती नगरमध्येही झालं असतं.

मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. एक पाद्री दुकानात आले. मध्यम वयाचे, नीट इस्त्री केलेले. टेबल बघायचं नाटक थोडा वेळ केलं. मग म्हणाले, "सुना है बड़े साहब से आपकी रोज़ बात होती है."

मी म्हटलं, "टेबल शीशम का है."

"नए बिशप साहब ने मेरा तबादला कर दिया है. बच्चों के इम्तिहान हैं. बस आप ज़रा उनके कान में डाल दीजिए. वे एक फ़ोन कर दें तो रुक जाएगा. नया आदमी उनकी बात टालेगा नहीं."

माणूस वाईट नव्हता. मुलांच्या परीक्षा खऱ्या होत्या. पण पुढे तो जे बोलला ते ऐकून मी चालायचा थांबलो. म्हणाला, शाळेसाठी डेस्क घ्यायचे आहेत, सगळ्या वर्गांचे. समितीत तो आहे. माझं दरपत्रक वर ठेवणं त्याला अवघड नाही. आता कुणी मित्र म्हणून काढून टाकायला बसलेलं नाही.

इतकी वर्षं जी ऑर्डर मला नाकारली गेली, ती माझ्या टेबलावर कोपर टेकून उभी होती. सुतारखान्यात त्या महिन्यात काम कमी होतं. सौदा वाईट नव्हता, मी तो उलटसुलट करून बघितला. मला फक्त दुपारच्या फोनवर एक वाक्य बोलायचं होतं. ते कदाचित 'नाही' म्हणालेही असते. पण ते वाक्य एकदा बोललो की मी त्यांच्या मंडळीत गेलो. मग त्यांना माझा फोनही बंद करावा लागला असता, आणि त्यांनी तो केला असता, हे मला त्यांच्या सगळ्या मंडळींपेक्षा चांगलं माहीत आहे.

मी म्हटलं, "बात होती है. मराठी में होती है. उसमें तबादले की बात नहीं होती."

"आप समझ नहीं रहे हैं."

"सब समझ रहा हूँ. टेबल लेना हो तो भाव बताऊँ."

त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. म्हणाले, आप तो बाहर के आदमी हैं, आपका क्या जाता है. त्यावर माझा पारा चढला आणि मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारागीर बाहेर आले. पाद्री गेले, टेबल न घेता.

डेस्कची ऑर्डर दुसऱ्याला गेली. माल कसा आहे ते मी मुद्दाम शाळेच्या फाटकातून बघून आलो. पायांचं जोडकाम कच्चं आहे, दोन पावसाळे निघणार नाहीत. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना सांगा ना, की मी तुमच्यासाठी एवढं सोडलं." मी म्हटलं, नाही सांगणार. सांगितलं तर त्यांना कळेल की नव्या बिशपांनी केलेल्या बदल्या लोकांना आवडत नाहीत, आणि मग ते गावात बसून काळजी करत राहतील. शिवाय ते 'बरं केलंस' म्हणतील. ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नाही, अजून खुर्चीचं मिटलेलं नाही.

काल दुपारी फोन आला. त्यांनी वाफ्यात मेथी लावली आहे, ती उगवली. भाऊ म्हणतो, दाट पेरली. मी म्हटलं, भाऊ बरोबर म्हणतोय.

"धंदा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"मंदी आहे."

"कुणी आलं होतं का आमच्यातलं? काही विचारत?"

मी टेबलाला वळसा घालून कपाटांपर्यंत गेलो. "तुमच्यातलं कोण कशाला येईल इथे? मी बाहेरचा माणूस."

"आवाज चढलाय तुझा."

"माझा कधी उतरलेला असतो? दाट पेरलीय तर विरळणी करा, नाहीतर सगळी पिवळी पडेल."

"विरळणी तू मला शिकवतोस?" ते म्हणाले आणि आईच्या मेथीच्या जुड्यांचं सांगू लागले. हे मी शंभर वेळा ऐकलंय. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, सोफ्याला हात लावून बघत होतं. मी त्याला हाताने थांबायची खूण केली.